मसाला एकदाच लिहावा

पुस्तक बायकोच्या बचत गटाचं, पाककृती पाखाडीतल्या बायकांच्या, आणि त्या पुस्तकापायी रेवदंड्याच्या बाजारात मान खाली घालून फिरायची पाळी आली ती मात्र माझ्यावर. हे कसं घडलं ते मीच सांगितलेलं बरं. शेजारचे दयाराम नाईक ही हकिगत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पण त्यांच्या सांगण्यात मी शेवटी मसाला कुटायच्या डंखात पडतो. असं काहीही झालेलं नाही. मी डंखाजवळ उभा होतो, मला शिंक आली आणि चष्मा आत पडला. चष्मा म्हणजे मी नव्हे.

सुरुवात फार साधी होती. मे महिन्यात मांडवा जेटीवर बचत गटांच्या वस्तूंची विक्री भरवायचं तालुक्याच्या कचेरीने ठरवलं. मुंबईहून येणारी मंडळी कॅटामरानमधून उतरली की त्यांना समोर लोणची-पापड दिसावेत, असा बेत. आमच्या गटाची अध्यक्ष म्हणजे आमची कुंदा. ती बैठकीत म्हणाली, "लोणची काय, सगळेच ठेवतील. आपण पुस्तक काढू. आपल्या बायकांच्या हातचं जेवण, पुस्तकात." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. टाळ्या थांबल्यावर कुंदाने दाराकडे तोंड करून जाहीर केलं, "टायपिंग आमचे हे करतील."

आठ दिवसांत त्रेचाळीस पाककृती जमा झाल्या. वहीच्या पानावर, लग्नपत्रिकेच्या पाठीवर, एक तर औषधाच्या खोक्यावर. कोळीवाड्यातली ठमीबाय लिहिण्याच्या भानगडीत पडलीच नाही. ती ओटीवर येऊन बसली आणि बोलत सुटली, मी लिहीत सुटलो. तिच्या पाच पाककृती लिहून झाल्या तेव्हा माझं बोट आखडलं होतं आणि मला सणकून भूक लागली होती.

वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्रेचाळीसपैकी एकतीस कागदांवर एकच वाक्य होतं: "घरचा मसाला घालावा." आता मुंबईच्या माणसाच्या घरी आमच्या घरचा मसाला कुठून असणार? तेव्हा मसाला कसा करायचा, हे प्रत्येक ठिकाणी लिहायला हवं. मासे साफ करायची कृतीही तशीच. नारळाचं दूध काढायची कृतीही तशीच. कुंदा म्हणाली, "मग लिहा की प्रत्येक ठिकाणी."

इथे मला माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द बोलणं भाग आहे. मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत मसुदे लिहिले. माझा एक मसुदा, "आपला अर्ज विचाराधीन असून यथावकाश कळविण्यात येईल," मी नोकरीच्या तिसऱ्या वर्षी लिहिला आणि तो निवृत्तीपर्यंत पुरला. कचेरीत तो अजून चालू आहे असं ऐकतो. अशा माणसाला एकच मसाला एकतीस वेळा लिहायला सांगणं हा अपमान होता. मी कुंदाला म्हटलं, "मसाला एकदाच लिहायचा. बाकी ठिकाणी नुसतं बोलवायचं."

"कोणाला बोलवायचं?"

"मसाल्याला."

तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि ती निवडायची भाजी घेऊन शेजारी गेली.

माझी अडचण ओळखली ती मकसूदभाईंनी. मकसूदभाई आमच्या मागल्या आळीतले. वीस वर्षं कुवेतला एका तेल कंपनीत कागदपत्रं सांभाळायच्या खात्यात होते. चार हजार पानांची यंत्रांची माहितीपुस्तकं त्यांच्या हाताखालून गेलेली. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि डोळे मिटले. "राऊतसाहेब," ते म्हणाले, "तुम्हाला लाटेक पाहिजे."

लाटेक ही पुस्तकं जुळवायची एक प्रणाली आहे. तिच्यात आपण नुसता मजकूर लिहायचा आणि मधे मधे हुकूम सोडायचे. उलटी तिरकी रेघ मारून पुढे रोमन अक्षरांत मसाला असं लिहिलं की छापताना त्या जागी मसाल्याची पूर्ण कृती येऊन बसते. मसाला बदलायचा झाला तर एकाच ठिकाणी बदलायचा, पुस्तकभर आपोआप बदलतो. मकसूदभाईंनी हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एकतीस वर्षं मी मनाने जे शोधत होतो ते कोणीतरी आधीच करून ठेवलं होतं, आणि ते फुकट मिळत होतं.

दयाराम नाईकांनी कुंपणावरून ऐकलं. ते सुपारीच्या बागेचे मालक. सल्ला देण्याला वेळेचं बंधन नाही. "लेटेक्स ना? घेऊ नका. माझ्या मेहुण्याने त्याची गादी घेतली, उन्हाळ्यात पाठ भाजते."

"गादी नाही हो, पुस्तकाचं आहे."

"मग रंग असेल. तो तर मुळीच घेऊ नका. खाऱ्या हवेत पापुद्रे सुटतात."

मी घेतलं. पंधरा दिवस सकाळ-दुपार बसून शिकलो. हुकुमानंतरची मोकळी जागा ते यंत्र गिळून टाकतं, हे मला कळेपर्यंत आमच्या पुस्तकात सगळीकडे "मसालाघालून परता" असं होतं. मग शेकड्याच्या चिन्हाची भानगड. तालुक्याच्या विस्तार अधिकाऱ्यांनी प्रस्तावना मोबाइलवर पाठवली होती, चांगली दीड पान. तिचं पहिलं वाक्य होतं, "हा उपक्रम १००% महिलांनी राबविला असून" वगैरे. त्या यंत्राच्या लेखी शेकड्याचं चिन्ह म्हणजे 'यापुढचं छापू नकोस' अशी खूण, हे मला ठाऊक नव्हतं. छापून आलं ते असं: ठळक अक्षरांत 'प्रस्तावना', त्याखाली "हा उपक्रम १००", आणि त्याखाली साहेबांची सही.

पण ते पुढे. आधी मसाल्याचं सांगतो.

एकदाच लिहायचा म्हणजे कोणाचा लिहायचा, हा प्रश्न मला पडला नाही, ही माझी चूक मी कबूल करतो. मी आमच्या घरचा लिहिला. मी तीस वर्षं तोच खातोय, मला दुसरा माहीत नाही. पहिली छापील प्रत तयार झाली, कुंदाने ती गटात फिरवायला दिली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ठमीबाय टोपली घेऊनच ओटीवर आली. टोपली खाली ठेवली नाही, यावरून मी समजलो.

"दिना, माज्या बोंबलात धने कोनी टाकले?"

"ठमीबाय, तो सगळ्यांचा मिळून एक मसाला आहे."

"सगल्यांचा? माजे सासूनं मना शिकवला तो मसाला. तिला तिचे सासूनं. आनि तू धने टाकतंस? माजी सून वाचून दाखवीत व्हती, मी बोलली थांब, हा माजा बोंबील न्हाय."

मी म्हटलं, काही हरकत नाही, एका जागी बदललं की झालं. तिला खुर्ची दिली आणि तिच्यासमोर धने पुसून तिचा मसाला लिहायला घेतला. मिरच्या तीन जातींच्या, हळकुंडं, हिंग, दगडफूल, नागकेशर. ती सांगत होती, मी टिपत होतो. शेवटी ती म्हणाली, "आनि नव्या मसाल्यान मूठभर जुना मसाला टाकायचा. त्याशिवाय बरनी भरायची न्हाय."

मी मसुदेकार आहे. समोरचा बोलेल ते जसंच्या तसं लिहायची मला सवय. मसाल्याच्या कृतीत, शेवटच्या ओळीत, मी मसाल्याचा हुकूम घातला आणि बटण दाबलं.

यंत्र विचारात पडलं. मसाला करायला मसाला लागतो, तो करायला मसाला लागतो, तो करायलाही मसाला लागतो. पंखा घरघरायला लागला. ठमीबाय म्हणाली, "तापला वाटतं." मग पडद्यावर एक ओळ उमटली. तिचा मराठीत अर्थ असा की, क्षमता संपली आहे, माफ करा. मी ती ओळ दोनदा वाचली. एकतीस वर्षांच्या नोकरीत क्षमता संपलेले पुष्कळ पाहिले, पण माफी मागणारं हे पहिलंच.

मकसूदभाईंनी येऊन तो फेरा सोडवला. 'जुना मसाला' असं साध्या अक्षरांत लिहिलं. ठमीबाय समाधानाने गेली आणि जाताना चार ताजे बोंबील ठेवून गेली. पुस्तकभर तिचा मसाला झाला. माझ्या हुशारीवर मी खूष होतो.

दुसऱ्या दिवशी मकसूदभाईंच्या घरून शहनाजभाभी आल्या. त्या गटाच्या चिटणीस. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे त्यांचा राग शुद्ध मराठीत आणि मुद्देसूद येतो. त्यांनी प्रत टेबलावर ठेवली. आत चार ठिकाणी खुणेच्या चिठ्ठ्या होत्या.

"दिनानाथभाई, कोळंबी घातलेल्या भातात, आमच्या अखनीत, इतकी मिरची? आमच्याकडे पाहुणा जेवायला बसतो, त्याच्याशी दुश्मनी नसते. शहाजिरं कुठे आहे? खसखस कुठे आहे? बरं, ते राहू द्या. हे वाचा."

मी वाचलं. ते सांदणाचं पान होतं. सांदण म्हणजे तांदळाच्या रव्याचा, नारळाच्या दुधातला, वाफवलेला गोड प्रकार. ईदला त्यांच्याकडून आमच्याकडे येतो आणि दहा मिनिटांत संपतो. कृती व्यवस्थित होती, फक्त शेवटी लिहिलं होतं, "वरून कोथिंबीर भुरभुरवावी आणि लिंबाची फोड ठेवावी." प्रत्येक पाककृतीचा शेवट नीटनेटका व्हावा म्हणून मी ती ओळ साच्यातच बसवली होती. माशांना ती शोभली. सांदणाला शोभली नाही. पुढे त्याच्याच आसपास नाचणीच्या लाडवांच्या सुरुवातीला "प्रथम खवले काढून घ्यावेत" असंही निघालं.

"सांदणावर कोथिंबीर," शहनाजभाभी हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्या माहेरी हे पुस्तक गेलं तर मला परत बोलावतील."

मी घाम पुसला, सांदण निस्तरलं, लाडवांचे खवले काढले आणि मसाल्यात शहाजिरं आणि खसखस घातली. मिरची निम्मी केली. आणि अर्थातच ती पुस्तकभर निम्मी झाली. शनिवारी ठमीबायच्या सुनेने बोंबलाचं पान पुन्हा वाचून दाखवलं. रविवारी ठमीबाय आली. सोमवारी मी मसाला परत तिखट केला. मंगळवारी माळ्यांच्या वाडीतून दोघी आल्या आणि म्हणाल्या, पोपटीत, मडक्यात भाजलेल्या शेंगांत, मसाला नसतोच मुळी, तिथे कशाला घुसवलात? बुधवारी कोणीतरी म्हणालं, मुळात हा मसाला अध्यक्षबाईंचा होता आणि नवरा टायपिंगला बसलाय म्हणून तो सगळ्यांच्या गळ्यात मारायचा डाव होता.

हे कुंदाच्या कानावर गेलं.

गुरुवारच्या बैठकीला बारापैकी पाच बायका आल्या. ठमीबाय आली नाही. शहनाजभाभी आल्या, पण चिटणीसपदाचा राजीनामा पाकिटात घालून. गेली अकरा वर्षं या बायका दर गुरुवारी आमच्या ओटीवर बसतात. पाऊस असो, लग्नसराई असो, बैठक मोडलेली नाही. त्या दिवशी चहा तसाच राहिला आणि पातेल्यावर साय धरली. कुंदा माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "अहो, ठमीबाय माझ्या बाळंतपणात चाळीस दिवस येऊन अंगाला तेल लावून गेली. आज ती माझ्या दारावरून तोंड फिरवून गेली." आणि तिने राहिलेला चहा मोरीत ओतला.

मला फार वाईट वाटलं. मी कोणाचं काहीच वाकडं केलं नव्हतं. मी फक्त एका गोष्टीची जागा ठरवून दिली होती. दयाराम नाईक कुंपणावरून म्हणाले, "सांगत होतो, पापुद्रे सुटतात." त्या क्षणी मी त्यांना काही बोललो असतो, पण मला तालुक्याला जायची एसटी पकडायची होती.

कारण कचेरीची मंजुरी राहिली होती. जेटीवर ठेवायचं प्रत्येक छापील साहित्य मंजूर करून घ्यायचं, असा नियम. त्याआधी मी तीनदा गेलो होतो आणि तीनही वेळा खुर्चीत वेगळे विस्तार अधिकारी होते. इथे मात्र माझ्या पद्धतीचा विजय झाला, हे नमूद करतो. साहेबांचं नाव मी एकाच जागी लिहिलं होतं. बदली झाली की ते बदलायचं. मुखपृष्ठ, आभार, प्रस्तावना, सगळीकडे नवे साहेब विराजमान. "हा उपक्रम १००" ही प्रस्तावना तिन्ही साहेबांच्या नावावर चालली. चूक माझ्या लक्षात तोवर आली होती, पण दुसऱ्या साहेबांनी ती वाचून "छान, सुटसुटीत आहे" असा शेरा मारला होता. शेरा मारलेल्या मजकुराला हात लावायचा नसतो, हे मला वेगळं सांगायला नको.

त्या गुरुवारी मात्र कागद टेबलावरच अडले. टेबल विनेश ठाकूर यांचं. लिपिक माणूस, चष्मा कपाळावर, प्रत्येक पान बोट ओलं करून उलटणारा. मला तो बघताक्षणी आवडला. त्याने एक छापील नमुना पुढे केला. पुस्तकातला मजकूर नक्कल केलेला नाही, असं हमीपत्र.

"द्या, सही करतो," मी म्हटलं.

"थांबा. पान अकरा बघा. मसाल्याची कृती. पान चौदा, तीच. पान सतरा, तीच. शब्द न् शब्द तोच. ही नक्कल आहे, राऊतसाहेब."

"नक्कल कशी? मी एकदाच लिहिलाय. बाकी ठिकाणी तो नुसता बोलावलाय."

विनेश ठाकूरने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "एकदाच लिहिलाय ना? मग एकदाच दिसला पाहिजे."

माझ्या तोडीच्या माणसाने मला माझ्याच शब्दांत पकडलं होतं. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "आणि एक विचारू? कचेरीचं म्हणून नाही, घरचं म्हणून. माझी आई नागावची. तिचा आणि माझ्या मावशीचा मसाला एक नाही. सख्ख्या बहिणी. तुमच्या पाखाडीत बारा घरांचा एकच मसाला कसा?"

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो होतो. चौलची वळणं आली, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी सुरू झाल्या आणि मला एकदम सगळं स्पष्ट दिसलं. मसाला एकदाच लिहायचा, हे बरोबरच होतं. एकाच बाईचा लिहायचा, हे चूक होतं.

मी घरी न जाता थेट मकसूदभाईंकडे गेलो. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "या खुदा! राऊतसाहेब, कुवेतमध्ये आम्ही प्रत्येक पंपाचं वेगळं प्रकरण ठेवायचो. मी तुम्हाला पंपाचं सांगितलं नाही?"

"नाही. तुम्ही झडपेचं सांगितलंत."

"झडप सगळीकडे एकच असते, तिची माहिती एकदाच लिहायची," ते ओशाळून म्हणाले.

मग आम्ही पुस्तकाची नव्याने मांडणी केली. प्रत्येक बाईचं वेगळं प्रकरण. प्रकरणाच्या पहिल्या पानावर तिचं नाव आणि तिचा मसाला, तिच्या शब्दांत, एकदाच. पुढच्या तिच्या पाककृतींत फक्त, "ठमीबायचा मसाला, पान अमुक." पानाचा आकडा यंत्र आपलं आपण घालतं, पुस्तक वाढलं तरी चुकत नाही. प्रत्येकीचा मसाला वेगळ्या फायलीत, फायलीला तिचं नाव. एकीच्या फायलीला हात लावला तर दुसरीच्या घरात ठिणगी पडणार नाही.

पण मसाले गोळा करायचे राहिले होते, आणि माझ्या ओटीवर आता कोणी येत नव्हतं. तेव्हा वही घेऊन मीच निघालो.

पहिली ठमीबाय. ती अंगणात जवळा, ती बारीक सुकट, वाळत घालत होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "ठमीबाय, धने माझी चूक. तुझा मसाला तुझ्या नावावर छापायचाय. पुन्हा सांग, सगळा."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. जवळ्यावर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "सांगून कलत न्हाय तुला. सोमवारी मी डंखावर जानार हाय. तवा ये, डोल्यांनी बघ."

म्हणून मी डंखावर गेलो. तिथेच ती शिंक, तो चष्मा. पण त्या दिवशी मला जे दिसलं ते आजवर दिसलं नव्हतं. मिरची भाजताना ती रंग बघत नव्हती, कान देऊन ऐकत होती. कुटायला सुरुवात झाल्यावर दर थोड्या वेळाने चिमूटभर हातावर घेऊन बोटांनी चोळायची. मी विचारलं, नागकेशर किती? ती म्हणाली, "अंदाजान." तिच्यानंतर मी शहनाजभाभींकडे बसलो. त्यांनी शाळेच्या शिस्तीने सगळं क्रमवार सांगितलं, पण खसखशीपाशी आल्यावर म्हणाल्या, "ती अंदाजाने." माळ्यांच्या वाडीतही तेच. बारा घरं, बारा वेगळे मसाले. कोणाचं कोणाशी जुळत नव्हतं. या एका शब्दावर मात्र सगळ्या जणी ठाम होत्या.

त्या शब्दाचा मी हुकूम केला. एका जागी लिहिला आणि सर्व पुस्तकभर बोलावला, एकशे सदतीस ठिकाणी. कोणीही आक्षेप घेतला नाही.

घरोघर फिरताना दुसरी एक गोष्ट झाली. मी ठमीबायकडून शहनाजभाभींकडे गेलो की त्या सहज विचारायच्या, "ठमीबाय नागकेशर घालते? किती घालते?" ठमीबायकडे परत काहीतरी विचारायला गेलो की ती म्हणायची, "त्या मास्तरनीचा मसाला कसा रं? वास बरा येतो तिच्याकडं." तिसऱ्या-चौथ्या फेरीला मी दोघींना सांगून टाकलं की मी मसुदेकार आहे, टपालखातं नाही. पुढल्या गुरुवारी ठमीबाय एक बरणी घेऊन बैठकीला आली आणि शहनाजभाभींच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "बघ. पाहुन्याला घालू नको, घरच्यांना घाल." राजीनाम्याचं पाकीट त्या दिवशी वेलदोड्यांची पूड न्यायला उपयोगी पडलं. बैठकीला बाराही जणी होत्या आणि बोलणं इतकं चाललं होतं की मी पेपर घेऊन मागल्या दारी जाऊन बसलो.

विनेश ठाकूरने नवी प्रत पानं ओली करून शेवटपर्यंत वाचली, हमीपत्रावर माझी सही घेतली आणि आईला दाखवतो म्हणून एक प्रत ठेवून घेतली.

छापखान्यात द्यायच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवण झाल्यावर, मी अनुक्रमणिका वाचत होतो. अकरा प्रकरणं. मी दोनदा मोजली. बाराव्या मसाल्याची फाईल होती, पण तिच्यापुढे पाककृती एकही नव्हती. कुंदाची. भांडण झाल्यापासून तिने आपले कागद काढून घेतले होते आणि इतक्या दिवसांत मला ते कळलं नव्हतं. मी पाखाडीतल्या अकरा बायकांच्या दारात जाऊन वही उघडली होती, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात गेलो नव्हतो.

मी गेलो. ती ओटा पुसत होती.

"तुझी पाककृती राहिली," मी म्हटलं.

"असू दे. अध्यक्षाचं नाव आहे की मुखपृष्ठावर."

"ते साहेबांच्या नावाखाली, बारीक अक्षरात आहे. तू सांग, मी लिहून घेतो."

ती हसली. म्हणाली, "मी लिहून देते. तुम्ही फक्त उतरवा. सुधारायचं नाही." आणि तिने कपाटातून कागद काढून, भिंतीला टेकून, उभ्यानेच लिहिलं. तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, आमटीची कृती होती. पंधरा ओळी. शेवटच्या दोन अशा:

"आमटी तयार झाल्यावर लगेच वाढू नये. घरचा माणूस कॉम्प्युटरवरून उठेपर्यंत मंद आचेवर राहू द्यावी, मधून मधून गरम पाणी घालावं, आणि आमटी आटली म्हणून माणसावर चिडू नये."

मी ते उतरवलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरात काना-मात्रा सुधारल्या, पण या दोन ओळींत मला सुधारण्यासारखं काही सापडलं नाही. साच्यातली कोथिंबीर आणि लिंबाची फोड मी तिथे येऊ दिली नाही.

मांडव्याला आमचं टेबल जेटीच्या तोंडाशीच लागलं होतं. वाऱ्याने पानं उडत होती, म्हणून ठमीबायने पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बरणी ठेवली होती, आणि लोक आधी बरणीची चौकशी करून मग पुस्तक उचलत होते. दुपारच्या बोटीने एक बाई उतरल्या. पाठीवर पिशवी, डोळ्यांवर गॉगल, बरोबर नवरा; तो उतरल्यापासून मोबाइलमध्ये बघतच चालत होता. बाईंनी पुस्तक उचललं, उभ्याउभ्या चाळलं आणि तिसऱ्यांच्या आमटीपाशी थांबल्या. मग त्यांनी गॉगल वर केला.

"हे माणूस उठेपर्यंत म्हणजे," त्यांनी कुंदाला विचारलं, "साधारण किती मिनिटं धरायची?"

कुंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बाईंच्या पलीकडे उभ्या असलेल्या त्या मोबाइलवाल्या गृहस्थाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही पाणी थोडं जास्तच ठेवा."

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की त्या गृहस्थाने मान वर केली. बाईंनी दोन पुस्तकं घेतली, एक बहिणीसाठी. मी ती कागदात नीट बांधून दिली, दोऱ्याला गाठ मारली आणि वाऱ्यात पुढच्या बोटीची वाट बघत उभा राहिलो.